मोहाखालचं खोपटं

हिरडटोला, १२ फेब्रुवारी १९५८

खुर्शीदा,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच चुलीत टाकशील, म्हणून वरचा पत्ता तुझ्या अब्बाच्या, नूरभाईच्या हातून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर अर्धं तरी वाच. उरलेलं अर्धं चुलीत गेलं तरी मी काई म्हणणार नाई.

नूरभाई बरे आहेत. खोकला आहे, पण तो मी या दवाखान्यात नर्स म्हणून आली त्या दिवशीही होताच. चष्म्याची एक काडी तुटली, तिथी सुतळी बांधली आहे. स्वतः कंपाउंडर, पण आपल्याच बाटलीतलं औषध पीत नाईत, म्हणतात, कडवा है. तुले काय कळवू विचारलं तर म्हणाले, "लिखो, सब ठीक है." मग बराच वेळ खलबत्त्यात काईच नसताना कुटत बसले.

सोमवारी कोतवालानं दवंडी पिटली. इथला बायायचा वॉर्ड, त्याच्या चार लोखंडी खाटा अन् नर्सबाई, सगळं उचलून सात कोसांवर धानोऱ्याले नेणार. हिरडटोल्यात फक्त नूरभाई अन् त्यायच्या बाटल्या राहतील. त्याच्या आधी सहा मार्चले चांद्याचे मोठे डॉक्टर साहेब अन् जनपद सभेचे मेंबर गुणवंतराव इथी येऊन लोकायचं म्हणणं ऐकणार. नवीन राज्यात म्हणे लोकायले विचारल्याशिवाय काई हलवत नाईत. वॉर्ड बांधला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आता उठवायचा तर विचारून राह्यले.

त्या खाटा आठवतात का तुले? पहिल्या साली मी नर्स अन् तू माझी मदतनीस, आपण दोघी त्यायच्यावर पांढऱ्या चादरी घालून, रोज झटकून, दारात उभ्या राहत होतो. गोंडायची एक बाई आली नाई. बाळंतीण बाईनं गावाच्या छपराखाली राहायचं नाई, पुरुषाची सावली पडेल तिथी निजायचं नाई, दुसरीनं वापरलेल्या खाटेले शिवायचं नाई, हे तुले कळलं, मले नाई. तू म्हणाली, "बाई, इनको खाट नहीं, खोपटा होना." अन् मग आठ दिवसांत मागच्या मोहाच्या झाडाखाली ते कुडाचं खोपटं उभं राह्यलं. बांबू बायायनं आणले, शेणमाती बायायनं केली. पहिली बाळंतीण आली तेव्हा तू इतकी हसली, की मलेच तुले गप्प करावं लागलं.

अजूनही येतात. काल सकाळी कोलूची सून आली, धुक्यातून चालत, हातात फक्त एक मडकं. मी दारात बसली होती, मले वाटलं ती चालत नाई, तरंगून राह्यली. दुपारपर्यंत पोरगा झाला.

बस, एवढंच. हो, एक राह्यलं. खोपट्यातल्या बाळंतपणायची तू एक वही लिहीत होतीस, निळ्या पुठ्ठ्याची. ती अजून तुझ्याजवळ आहे का? घाई नाई. सहज विचारलं.

मनकर्णा

हिरडटोला, ७ मार्च १९५८

खुर्शीदा,

तुझं उत्तर नाई. भद्रावतीच्या खाणीवरच्या दवाखान्यात नर्सले काम फार असेल, असं नूरभाईले सांगतलं. त्यायनं मान हलवली.

काल सभा झाली. छान झाली. दवाखान्याच्या ओट्यासमोर मांडव टाकला होता. समोर पुरुष, लांब चिंचेखाली बाया, पोरं काखेत घेऊन. पाना-पानातून ऊन पडून राह्यलं होतं अन् सगळ्यायच्या डोक्यावर ठिपके हलत होते. मले सारखी डुलकी येत होती. अशा वेळी मले समोरचं सगळं पाण्याखाली असल्यावाणी दिसते.

गुणवंतरावायले तू पाह्यलं नाई. वाईट माणूस नाई तो. मागच्या आषाढात त्यायची सून धानोऱ्याहून चांद्याले नेताना बैलगाडीतच गेली, पोटातल्या पोरासकट. धानोऱ्यालेच खाट असती अन् नर्स असती तर वाचली असती, हेच त्यायच्या मनात. आपल्या भरतीच्या रजिस्टरची पानं उलटून त्यायनं वाचलं, "सहा वर्षं. या वॉर्डात भरती झालेल्या बाया, नऊ. पैकी सात फॉरेस्टच्या अन् शाळेच्या मास्तरायच्या घरच्या. म्हणजे इथल्या लोकायच्या दोन." मग रजिस्टर मिटून म्हणाले, "चार खाटा, नऊ बायायले. माझ्या सुनेले एक नाई भेटली." मले त्यायच्याकडं पाहवलं नाई.

डॉक्टर साहेब पुण्याकडचे, गोरे, सभ्य. त्यायनं चिंचेकडं पाहून विचारलं, "इथे बसलेल्या भगिनींपैकी या दवाखान्यात कोणाकोणाचं बाळंतपण झालं? हात वर करा." कोतवालानं गोंडीत सांगतलं. तिथी चाळीस बाया होत्या, त्यातल्या वीस-बावीस माझ्या या हातात बाळंत झालेल्या. एक हात वर नाई. एकीचा झाला, तो पदर सावरायले.

मग साहेबानं गायत्याले विचारलं. वारलू गायता गावचा पुजारी, तो बोलला की गाव बोललं. तो उभा राहून म्हणाला, "सरकारची खाट आहे. सरकार नेते तर नेऊ दे." कारकुनानं लिहिलं, लोकांची हरकत नाही.

सभा उठल्यावर मी रंभाले गाठलं. तिची तिन्ही पोरं खोपट्यातली. म्हटलं, "काऊन वं, हात काऊन नाई वर केला?" ती माझ्याकडं अशी पाहत राह्यली, जशी मीच अडाणी. म्हणाली, "साहेब त दवाखान्याचं विचारत होता बाई. त्या कवेलूच्या छपराखाली मी कायले बाळंत होऊ? गायता समोर बसला होता. हात वर केला असता त साऱ्या गावाले मले जेवण द्या लागलं असतं, शुद्ध व्हाले." मी म्हटलं, "मग खोपट्याचं सांगायचं." तिनं पदर तोंडात धरला. म्हणाली, "पुरुषायसमोर? खोपट्याचं?"

खरं आहे. पुरुष त्या बाजूनं जाताना पाठ करून जातात. त्यायच्या तोंडी खोपट्याचं नाव येत नाई, बायाही त्यायच्यासमोर घेत नाईत. साहेबाले कोणी खोटं सांगतलं नाई, खुर्शीदा. सगळे खरं बोलले अन् खोपटं गेलं.

तू विचारशील, बाई, तू कुठी होतीस? मी तिथीच होती, ओट्यावर. पण माझा घसा बसला होता. दोन दिवसांपासून आवाज निघत नव्हता. असो.

वहीचं पाहशील ना?

मनकर्णा

हिरडटोला, १९ मार्च १९५८

खुर्शीदा,

घसा बसला नव्हता.

मोहफूल पडायले लागलं. रात्रभर पडते अन् पहाटे खोपट्याच्या भोवती जमीन पिवळट होते, पाय ठेवायले जागा नाई. तो वास दुपारी इतका चढते, की मी खोपट्याच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या झोपते. काल झोपेत मंगली आली. वेचत होती. टोपली भरली, तरी वेचून राह्यली. मी म्हटलं, पुरे वं मंगली, टोपली भरली. तर ती म्हणाली, "बाई, अजून थोडं थांब." जागी झाली तर हातात खरंच मोहाची चार फुलं. झोपेत कधी उचलली, माहीत नाई.

तिनं माझेच शब्द मले परत दिले. तुले माहीत आहे. दुसऱ्या कोणाले माहीत नाई, तुझ्या अब्बालेही नाई. ते समजतात, आपलं भांडण कपड्यांच्या दोरीवरून झालं. अडीच वर्षं मी त्यायले तेच समजू दिलं. आज लिहून टाकते, म्हणजे माझ्या अक्षरात कुठंतरी राहील.

पंधरा सप्टेंबर पंचावन्न, गुरुवार. धानोऱ्याचे डॉक्टर गुरुवारीच येत, सायकलीनं. ते ओट्यावर बसून नूरभाईच्या हातचा चहा पीत होते. खोपट्यापासून चाळीस पावलं. मंगलीले पोरगी झाली, चांगली, रडली पण. मग रक्त थांबेना. मी पोट चोळत होती. तू म्हणाली, "बाई, डागदरले बलावतो." मी म्हटलं, थोडं थांब. तू परत म्हणाली. मी तुझं मनगट धरलं अन् म्हटलं, अजून थोडं थांब. डॉक्टरच्या बॅगेत त्याच कामाचं सुईचं औषध होतं, हे मले ठाऊक होतं. तुलेही ठाऊक होतं.

तेव्हा तुले मी कारण सांगतलं, की पुरुष खोपट्यात शिरला तर यापुढं एक बाई इथी येणार नाई, साऱ्या बाया जंगलात मरतील. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं. खोपट्याचे बांबू राखीव जंगलातले, परवान्याशिवाय तोडलेले. डॉक्टरले मी ते लाकडायचं खोपटं म्हणून सांगतलं होतं. रजिस्टरात मी खोपट्यातलं एकही बाळंतपण चढवलं नव्हतं, कारण चढवलं तर कुठी झालं ते लिहावं लागते. तो आत आला असता तर सगळं बाहेर आलं असतं अन् माझी नोकरी गेली असती. मी विधवा बाई. चिमूरले बेचाळीस साली सरकारी माणसं दारात आली तेव्हा मी दाराच्या मागंच होती. ती भीती अजून माझ्या गुडघ्यात आहे, साहेब दिसला की गुडघे आपोआप वाकतात. हे तुले कधी सांगतलं नाई. सांगून मंगली परत येणार नाई, म्हणून नाई सांगतलं.

डॉक्टर चहा पिऊन सायकलवर बसले. घंटी वाजली. त्याच्यानंतर अर्ध्या घंट्यानं मंगली गेली.

तिच्या नवऱ्याले, पोचूले, मी म्हटलं, तिची वेळ आली होती. त्यानं पोरगी माझ्या हातातून घेतली अन् माझ्या पायाशी वाकला. तेव्हापासून दर साली मोहाची पहिली टोपली तो माझ्या दारात ठेवून जाते, पोरगी जगवली म्हणून. यंदाचीही परवा आली. तशीच पडून आहे. मले तिले हात लावायचा धीर नाई.

आता ऐक. लेखी हरकत घ्यायले एकतीस मार्चपर्यंत मुदत आहे. मी घेतली. नूरभाईनं अर्ज लिहिला, मी सही केली. लिहिलं आहे, इथी बाळंतपणं होतात, पुरावा आहे, दाखवते. सतरा एप्रिलले साहेब परत येणार. पुरावा तुझ्याजवळ आहे. गाव, बाईचं नाव, तारीख, पोरगा का पोरगी, सगळं त्या वहीत आहे. धानोऱ्याले वॉर्ड गेला तर पावसाळ्याचे चार महिने नाला वाहते, सात कोस कोणी जाणार नाई, अन् उन्हाळ्यात रस्ता मोकळा असला तरी त्या खाटेवर कोणी निजणार नाई. तुझं खोपटं पहिल्याच पावसात बसेल.

मले माहीत आहे, त्या वहीत एकशे सतरावी मंगली आहे. तू मले दाखवून लिहिलं होतं, "डॉक्टर चाळीस पावलांवर होते. बाईनं बोलावू दिलं नाही." ती वही साहेबाच्या हातात गेली की माझं काय होईल, तेही माहीत आहे. तरी पाठव. मी लवकर धीट होत नाई, झाली आहे तेवढ्यात पाठव.

मनकर्णा

हिरडटोला, ४ एप्रिल १९५८

खुर्शीदा,

वही पोचली. हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. चिठ्ठी शोधली, कापड झटकून पाह्यलं, चिठ्ठी नाई. कापडाले तुझ्या घरातल्या धुराचा वास होता, कोळशाचा. तू आता कोळशावर रांधते तर.

उंबऱ्यावर बसून दुपारभर वाचली. एक, कोसमीची बुधूची बायको, मुलगा, पायाळू. अकरा, रंभा, मुलगी. चाळीस, जुळे, दोन्ही जगले, बाईनं मला कधी नव्हे ती शाबासकी दिली. हे तू लिहून ठेवलंस? मी खरंच एकदाच दिली का शाबासकी? सत्तर, अंगणात मोहाखालीच झाली, खोपट्यापर्यंत पोचली नाही, पोराच्या अंगावर फुलं पडली. वाचता वाचता वाटलं, साऱ्या जणी मोहाच्या झाडामागून एकामागं एक येऊन राह्यल्या अन् माझ्या बाजूनं खोपट्यात जाऊन राह्यल्या. शेवटच्या बायायची मले आता चेहरेपट्टी पण आठवत नव्हती. वहीतून त्या परत आल्या.

एकशे सोळा. मग पान उलटलं, तर एकशे अठरा, तुझ्या हातचं शेवटचं.

मधल्या पानाची कड दोऱ्यात अडकून आहे. ब्लेडनं कापलेलं नाई, हातानं फाडलं आहे, एका झटक्यात. अडीच वर्षं ज्याच्यासाठी तू माझं तोंड पाह्यलं नाई, ते पान तू माझ्यासाठी फाडलंस.

खरं सांगू? पहिल्यांदा मले सुटल्यासारखं वाटलं. उंबऱ्यावरच आडवी झाली अन् झोप लागली, साऱ्या वर्षात लागली नाई तशी. उठली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अन् पहिला विचार काय आला माहीत आहे? की अठराचा सतरा करायले एक रेघ पुरते, कोणाले कळणार नाई. टाक घेऊन बसली पण होती. शाई वाळून गेली.

पोचू पोरीले खांद्यावर घेऊन रस्त्यानं गेला. नेहमीसारखा खोपट्याकडं पाठ करून. पोरगी मात्र उलटं तोंड करून खोपट्याकडंच पाहत गेली. तिच्यावर अजून ते बंधन नाई.

पान फाडलंस, पण मी काय करू ते लिहिलं नाईस. तू नेहमी अशीच.

मनकर्णा

हिरडटोला, १८ एप्रिल १९५८

खुर्शीदा,

काल गुरुवार होता, मंगली गेली तोच वार. साहेबानं दिवस ठरवला, त्याले काय माहीत.

सकाळी अंघोळ करून कोरं पान घेतलं. लिहिलं, "एकशे सतरा. मंगली, पोचूची बायको, हिरडटोला. १५ सप्टेंबर १९५५. मुलगी, जिवंत. आई रक्तस्रावाने गेली. डॉक्टर चाळीस पावलांवर होते. मी बोलावू दिले नाही." खाली माझी सही. तुझं नाव कुठंच घातलं नाई. मग सुई-दोरा घेऊन ते पान तिथी शिवलं, जिथी कड अडकली होती.

मांडव तोच, चिंचेखाली बाया त्याच. तू गेल्यावरची बाळंतपणं मी अन् रंभानं आठ दिवस बसून आठवली, तिनं गाव सांगायचं, मी बाई सांगायची. एकशे अठ्ठ्याऐंशी झाली. साहेबाले वही दिली अन् म्हटलं, "ही रजिस्टरात नाईत. रजिस्टर मी खोटं ठेवलं. ही मागच्या खोपट्यात झाली. ते लाकडायचं खोपटं नाई." एवढं बोलायले मले किती वेळ लागला, देव जाणे. नूरभाई माझ्या मागं उभे होते, त्यायचा खोकला थांबला होता.

साहेबानं वही चाळली. गुणवंतराव म्हणाले, "नावं काय, कोणीही लिहील." साहेब चिंचेकडं पाहून म्हणाले, "मग यांच्यापैकी कोणी सांगतं का?" कोणी सांगेना. सांगणार कशा, गायता समोर. परत तेच, खुर्शीदा, सहा मार्चच परत आला होता. कारकुनानं टाक उचलला.

तेव्हा मी म्हटलं, "साहेब, एकशे सतरा वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यायनं वाचायले सुरुवात केली अन् मधेच थांबले. मले म्हणाले, "बाई, हे तुम्ही लिहिलंय?" मी हो म्हटलं. मग त्यायनं शेवटपर्यंत वाचलं अन् कोतवालानं गोंडीत सांगतलं. तो सांगत होता तेव्हा मी मोहाच्या झाडाकडं पाहत होती. मोह सरला होता. शेंड्याले तांबूस पालवी आली होती. मले वाटलं, मी तिथी नाईच, मी पालवीत आहे अन् खाली कोणाची तरी सभा आहे.

पोचू उठला. पोरगी त्याच्या मांडीवरून घसरून त्याचं धोतर धरून उभी राह्यली. मले वाटलं, आता तो मले मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्याकडं आलाच नाई. साहेबाकडं तोंड करून म्हणाला, "ते खोपटं मोडू नका. माझी पोरगी तिथीच झाली."

पुरुषानं सभेत खोपट्याचं नाव घेतलं. गायत्यानं मान खाली घातली. पोचू तसाच उभा. म्हणाला, "बाई मेली माझी तिथी. तरी म्हणतो, मोडू नका. डागदर तिथी जाऊ नाई शकत त तिथी जाऊ शकल अशी बाई द्या, सुईवाली." मग पोरीले उचललं अन् मांडवाच्या बाहेर निघून गेला. त्या दिवशी तो खोपट्यासमोरून सरळ तोंडानं गेला.

मग चिंचेखालून रंभा म्हणाली, "अकरा नंबर मी." तिनं तोंड झाडाकडं केलं होतं, पण आवाज ऐकू आला. मग दुसरी, मग तिसरी. नंबर कोणाले माहीत नव्हते, त्या पोरायची नावं सांगत होत्या. कारकुनाले लिहिणं जमेना. गुणवंतरावायनं डोळ्यावरून उपरणं फिरवलं.

शेवटी वारलू गायता उठला. त्याले काईतरी बोलणं भाग होतं. म्हणाला, "साहेब, मी मागं म्हटलं होतं, सरकारची खाट आहे, सरकारनं न्यावी. आताही तेच म्हणतो. चारही न्या. खोपटं आमचं आहे."

गुणवंतरावायले हसू आलं, रडतानाच. त्यायले खाटाच पाहिजे होत्या. सभेत तेवढं एकच हसणं झालं.

साहेबानं जाताना मले सांगतलं, चौकशी होईल. मी हो म्हटलं. गुडघे वाकले नाईत, हे मले घरी आल्यावर कळलं.

मनकर्णा

हिरडटोला, २२ मे १९५८

खुर्शीदा,

हुकूम आला. नूरभाईनं ओट्यावर उभं राहून वाचला, सुतळीचा चष्मा लावून, कोर्टातल्यासारखा. खाटा धानोऱ्याले. नर्सची जागा हिरडटोल्यातच राहणार, बाळंतपणं खोपट्यात होतील तशी रजिस्टरात चढवायची, अन् नर्सले ते सुईचं औषध जवळ ठेवायची अन् द्यायची परवानगी. हे शेवटचं पोचूमुळं. नूरभाईनं ते वाक्य दोनदा वाचलं.

खाली माझं आहे. नोकरीतून कमी. पंधरा जूनच्या आत क्वार्टर मोकळं करावं.

खाटा काल बैलगाडीवर गेल्या. बाया रस्त्याच्या कडेले उभ्या राहून पाहत होत्या. रंभा म्हणाली, "गेली बाप्पा पीडा." सहा वर्षं त्या खाटायवर नूरभाईच्या लुंग्या वाळल्या. आता ते दोरी बांधा म्हणतात. म्हणजे आपलं दोरीवरचं भांडण अखेर खरं व्हायचं होतं.

त्यायले मी सगळं सांगतलं. सभेत ऐकलंच होतं, पण मी वेगळं, बसून सांगतलं. ऐकून म्हणाले, "मैं चाय बना रहा था उस दिन." बस, एवढंच. त्या दिवसापासून त्यायनं चहा सोडला. तू येऊन त्यायले सांग, की चहाचा काई दोष नव्हता. माझं ते ऐकत नाईत.

पोचूची दुसरी टोपली आली नाई. येऊही नये. पण काल त्याची पोरगी एकटीच आली, खोपट्याच्या दारात खेळत बसली अन् माझ्या हातून पाणी पिऊन गेली. तिले कोणी पाठवलं का ती आपली आली, मी विचारलं नाई.

मी चिमूरले भावाकडं जाते. तिथीही बाया बाळंत होतातच, माझे हात काई सरकारनं जमा करून घेतले नाईत.

जागा रिकामी आहे, खुर्शीदा. जाहिरात चांद्याच्या कचेरीत लागली आहे, नूरभाईनं अर्ज आणून ठेवला, तुझं नाव भरून. तीस जून शेवटची तारीख. खोपट्याले कुलूप नाई, ते तुले माहीतच आहे. कूड एका बाजूनं वाळवीनं खाल्ला आहे, पाऊस लागायच्या आधी बांबू बदलावे लागतील. यावेळी परवाना काढ.

वही सोबत पाठवून राह्यली. साहेबानं नक्कल करून घेतली अन् परत दिली, वही ज्याची त्याले. एकशे सतरावं पान माझ्या अक्षरात आहे. ते फाडू नको.

मनकर्णा